हार्मोनियम निर्मिती (महाराष्ट्र)

हा लेख पेटी तयार करण्याच्या हस्तव्यवसायाविषयी आहे. वादनाविषयीच्या माहितीसाठी संवादिनी हा लेख पाहा.

हार्मोनियम निर्मिती हा लाकूड, पितळ, चामडे, पुठ्ठा व कापड यांपासून हार्मोनियम हे पट्ट्यांचे सुषिर वाद्य घडवण्याचा हस्तव्यवसाय आहे. महाराष्ट्रात या वाद्याला पेटी, बाजाची पेटी किंवा संवादिनी असे म्हणतात. मूळचे युरोपीय असलेले हे वाद्य एकोणिसाव्या शतकात भारतात आले आणि येथील कारागिरांनी त्याची रचना बदलून ते जमिनीवर बसून, एका हाताने भाता चालवत वाजवण्याजोगे केले. महाराष्ट्रात मुंबई व पुणे ही निर्मितीची प्रमुख केंद्रे आहेत. परभणी जिल्ह्यासह मराठवाड्यात या वाद्याचा वापर भजन, कीर्तन, कव्वाली व शालेय संगीतशिक्षण यांत मोठ्या प्रमाणावर होतो.

हे काम बहुतांशी लहान सुतारशाळांमध्ये चालते. पेटीचे खोके यंत्रावर कापता येते. मात्र भाता हवाबंद करणे, पट्ट्यांचा दाब सारखा राखणे आणि सूर कानसेने घासून लावणे ही कामे आजही हातानेच करावी लागतात. पेटीचा आवाज व तिचे आयुष्य मुख्यतः याच तीन कामांवर अवलंबून असते.

नावे व संज्ञा

पेटी हे नाव वाद्याच्या आकारावरून पडले. हाताने भाता ओढण्याच्या पेटीला हातपेटी आणि पायाने भाता चालवण्याच्या पेटीला पायपेटी म्हणतात. संगीत नाटकांच्या परंपरेत पायाने वाजवण्याच्या मोठ्या वाद्याला ऑर्गन असे म्हटले जाते. एकल वादनासाठी पेटीला स्वरमंडळाची जोड देणारे वादक मनोहर चिमोटे यांनी आपल्या वाद्यासाठी संवादिनी हे नाव रूढ केले. पुढे ते हार्मोनियमचा मराठी पर्याय म्हणून सर्वसाधारणपणे वापरले जाऊ लागले.

ज्या पातळ पितळी जिभेच्या कंपनातून आवाज निघतो, तिला कारागीर सूर किंवा रीड म्हणतात. सुरांच्या संचांना त्यांच्या उंचीनुसार खर्ज, नर व मादी अशी नावे आहेत. वादकांच्या बोलण्यातील 'पांढरी चार' किंवा 'काळी एक' ही नावे षड्ज कोणत्या पट्टीवर धरला आहे हे सांगतात.

इतिहास

मुक्त जिभेच्या तत्त्वावर चालणाऱ्या वाद्याचे हार्मोनियम या नावाने पेटंट पॅरिसमधील अलेक्झांद्र देबाँ यांनी १८४२ साली घेतले. मिशनरी, लष्करी अधिकारी व व्यापारी यांच्यामार्फत हे वाद्य भारतात पोहोचले. त्या काळची पायपेटी जड असे आणि ती वाजवण्यास खुर्चीवर बसावे लागे. भारतीय बैठकीत ती गैरसोयीची होती. कोलकात्यातील वाद्यनिर्माते द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाता पेटीच्या मागील बाजूस घेतला व हातपेटीला आजचे सुटसुटीत रूप मिळवून दिले. डाव्या हाताने भाता आणि उजव्या हाताने पट्ट्या अशी विभागणी त्यामुळे शक्य झाली. भारतीय संगीतात एका वेळी एकच स्वरपंक्ती वाजवली जात असल्याने एक हात मोकळा नसणे ही उणीव ठरली नाही.

महाराष्ट्रात पेटीच्या प्रसाराला संगीत नाटकांनी मोठा हातभार लावला. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या संगीत शाकुंतलचा पहिला प्रयोग १८८० साली पुण्यात झाला. पुढील काळात नाटक मंडळ्यांच्या वाढत्या संख्येबरोबर साथीच्या वाद्यांची मागणीही वाढली. गावोगाव फिरणाऱ्या मंडळ्यांना प्रवासात मोडलेली पेटी दुरुस्त करून देणारा माणूस लागे. अशा दुरुस्तीतूनही अनेक सुतार या व्यवसायाकडे वळले. संगीत मानापमान (१९११) या नाटकाचे संगीतकार गोविंदराव टेंबे यांनी पेटीला एकल वादनाचा दर्जा मिळवून देण्यात महत्त्वाची भूमिका बजावली. मुंबईतील दादर येथे १९२५ साली स्थापन झालेली हरिभाऊ विश्वनाथ ही महाराष्ट्रातील जुन्या वाद्यनिर्मात्या पेढ्यांपैकी एक आहे.

सुरुवातीच्या काळात पेट्यांमध्ये जर्मनी व फ्रान्समधून आयात केलेले सूर बसवले जात. ही आयात आटल्यावर देशी सुरांना महत्त्व आले. गुजरातमधील भावनगर जिल्ह्यातील पालिताणा हे गाव सुरांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्रातील कारागीरही तेथील सूर वापरतात. जुन्या, मोडीत निघालेल्या पेट्यांतील जर्मन सूर काढून नव्या पेटीत बसवण्याची पद्धतही आहे. त्यामुळे एकाच पेटीत विसाव्या शतकाच्या आरंभीचे सूर व अलीकडचे लाकूडकाम एकत्र आढळू शकते.

रचना व कार्य

हातपेटीत दोन भाते असतात. बाहेरचा भाता वादक हाताने चालवतो. त्यातून आलेली हवा एकदिशा झडपेतून आतल्या भात्यात साठते. आतल्या भात्यावर स्प्रिंगांचा दाब असल्याने बाहेरचा हात क्षणभर थांबला तरी हवेचा प्रवाह खंडित होत नाही. पुढील बाजूची खुंटी (स्टॉप) ओढली की हवा सुरांच्या कप्प्यात शिरते. प्रत्येक पट्टीच्या मागील टोकाखाली सूर बसवण्याच्या फळीतील एक छिद्र झाकलेले असते. पट्टीचे पुढचे टोक दाबल्यावर मागचे टोक उचलले जाते, छिद्र उघडते आणि बाहेर पडणारी हवा सुराच्या जिभेला कंपित करते.

प्रत्येक सूर म्हणजे एका आयताकृती पितळी पट्टीत कापलेली फट आणि त्या फटीवर एका टोकाला रिव्हेटने जखडलेली जीभ. जीभ फटीत न घासता आत-बाहेर हलली पाहिजे. परंतु दोहोंमधील अंतर वाढले तर हवा वाया जाते व आवाज कमजोर होतो. जिभेचे मोकळे टोक फटीपासून किंचित वर उचललेले असते. हा उचल कमी झाल्यास सूर उशिरा बोलतो किंवा गप्प राहतो; जास्त झाल्यास त्याला अधिक हवा लागते. जलद ताना घेणाऱ्या वादकाला सूर स्पर्शासरशी बोलणे आवश्यक असते, म्हणून जिभेचा बाक ठरवणे हे कारागिराच्या कौशल्याचे काम मानले जाते.

प्रचलित पेट्या तीन, सव्वातीन किंवा साडेतीन सप्तकांच्या असतात व त्यांना अनुक्रमे ३७, ३९ व ४२ पट्ट्या असतात. काही पेट्यांत कपलरची सोय असते. त्यामुळे एक पट्टी दाबली असता दुसऱ्या सप्तकातील तीच पट्टी आपोआप दाबली जाते. स्केलचेंज पेटीत पट्ट्यांचा संपूर्ण संच सुरांवरून डावी-उजवीकडे सरकवता येतो. गायकाची पट्टी बदलली तरी वादकाला बोटांची सवय बदलावी लागत नाही.

साहित्य

खोक्यासाठी सागवान पसंत केले जाते. त्यातील नैसर्गिक तेलामुळे ते वाळवीला व दमटपणाला तोंड देते आणि हवामानानुसार फारसे वेडेवाकडे होत नाही. महाराष्ट्रात चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे आणि मराठवाड्यातील किनवट परिसर सागाच्या जंगलांसाठी ओळखले जातात. जुन्या वाड्यांच्या तुळया, दारे व खांब यांतून मिळालेले सागवान अनेक वर्षे वाळलेले असल्याने या कामासाठी योग्य असते. पट्ट्यांसाठी सरळ रेषांचे, हलके लाकूड लागते; कारण जड पट्टी हळू परतते.

भात्याच्या घड्या पुठ्ठ्याच्या असतात. त्यांचे सांधे कापडाने व कोपरे मेंढीच्या मऊ चामड्याने झाकतात. पट्टीच्या मागील टोकाखाली चामडे किंवा बनात लावतात, त्यामुळे छिद्र घट्ट झाकले जाते व पट्टी परतताना खटखट होत नाही. पांढऱ्या व काळ्या पट्ट्यांचा वरचा थर पूर्वी सेल्युलॉइडचा असे. आता तो प्लॅस्टिक किंवा ॲक्रिलिकचा असतो. चिकटवण्यासाठी पूर्वी जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस वापरत. त्याचा एक फायदा असा की वाफ देऊन सांधा पुन्हा उकलता येतो. आधुनिक चिकटद्रव्याने जोडलेला सांधा दुरुस्तीच्या वेळी लाकूड न फोडता सोडवणे कठीण जाते.

निर्मितीची प्रक्रिया

लाकूडकाम: वाळलेल्या फळ्या रंध्याने सपाट करून खोक्याचे कोपरे खाचांमध्ये जोडतात. सूर बसवण्याची फळी हा सर्वांत नाजूक भाग होय. ती थोडी जरी वाकली तरी पट्ट्यांखालची छिद्रे नीट झाकली जात नाहीत आणि पट्टी न दाबता सूर वाजू लागतो. या दोषाला सूर चालू राहणे असे म्हणतात. फळीतील छिद्रांची लांबी-रुंदी सप्तकागणिक बदलते. खर्जाच्या सुरांना मोठी छिद्रे लागतात.

पट्ट्या: सर्व पट्ट्या सामान्यतः एकाच फळीतून कापतात, म्हणजे लाकडाच्या रेषा जुळतात व ऋतुमानाचा परिणाम सर्वांवर सारखा होतो. प्रत्येक पट्टीला स्वतंत्र तारेची स्प्रिंग असते. तिचा ताण जास्त झाल्यास वादकाची बोटे थकतात आणि कमी झाल्यास छिद्रातून हवा गळते. सर्व पट्ट्यांचा दाब बोटाला सारखा लागेपर्यंत कारागीर एकेक तार वाकवून पाहतो.

भाता: पुठ्ठ्याच्या घड्या आखून, दुमडून चामड्याने जोडतात. भाता पूर्ण भरून सर्व खुंट्या बंद ठेवतात व तो किती सावकाश खाली बसतो ते पाहतात. गळती असल्यास ती शोधण्यासाठी सांध्यांवरून ओलसर हात किंवा पातळ कागद फिरवतात.

सूर बसवणे: सूर लहान स्क्रूंनी फळीला जखडतात. सरसाने चिकटवत नाहीत, कारण दुरुस्तीसाठी ते काढावे लागतात. सुराखाली हवा गळू नये म्हणून पितळी पट्टी फळीला पूर्णपणे टेकलेली असावी लागते.

सूर लावणे: जीभ टोकाकडे घासल्यास तिचे वजन कमी होऊन स्वर चढतो, मुळाकडे घासल्यास तिचा ताठपणा कमी होऊन स्वर उतरतो. एकदा घासलेले पितळ परत भरता येत नाही, म्हणून कारागीर कानसेचे एक-दोन हलके हात मारून लगेच सूर वाजवून पाहतो. फळीवरून काढलेला सूर व पेटीत बसवलेला सूर यांच्या स्वरात किंचित फरक पडतो. त्यामुळे शेवटची जुळणी पेटी बंद करून, भात्याच्या नेहमीच्या दाबाखालीच करावी लागते. पूर्वी स्वरकाटा व तंबोरा यांच्या आधाराने सूर लावत; आता विद्युत ट्यूनरही वापरतात. मात्र खर्ज व नर या दोन संचांतील एकाच नावाचे स्वर एकमेकांत मिसळतात की नाही, याचा निर्णय शेवटी कानानेच होतो.

अखेरीस खोक्याला लाखेचे किंवा आधुनिक पॉलिश करतात. पॉलिशचा थेंब पट्ट्यांच्या फटीत गेल्यास पट्ट्या चिकटतात, म्हणून पट्ट्यांचा संच काढून ठेवूनच हे काम केले जाते.

स्वरांविषयीचा वाद

पेटीवरील प्रमुख आक्षेप असा की तिच्यावर मींड घेता येत नाही आणि तिचे बारा स्वर समान अंतरावर लावलेले असल्याने रागसंगीतातील स्वरस्थाने तिच्यावर नेमकी मिळत नाहीत. पहिला आक्षेप वाद्याच्या मूळ रचनेचा आहे. दुसरा मात्र सूर लावण्याच्या पद्धतीचा, म्हणजेच कारागिराच्या अखत्यारीतील आहे. षड्ज २४० हर्ट्झवर धरला तर स्वाभाविक शुद्ध गंधार ३०० हर्ट्झवर येतो. समान अंतरांच्या पद्धतीत तो सुमारे ३०२.४ हर्ट्झ होतो. हा फरक आकड्यांत लहान दिसतो, तथापि षड्जाबरोबर असा गंधार वाजवला असता सेकंदाला नऊ-दहा आंदोलने ऐकू येतात आणि तंबोऱ्याच्या सान्निध्यात ती खटकतात.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व ब्रिटिश सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींच्या अभ्यासातून श्रुती हार्मोनियमची कल्पना मांडली. या प्रयोगांत अब्दुल करीम खाँ यांनी सहकार्य केले आणि लंडनमधील मूर अँड मूर या पेढीने ते वाद्य तयार केले. १९१६ साली बडोदा येथे भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या वाद्यावर टीका झाली व ते प्रचारात आले नाही.

रवींद्रनाथ टागोर यांच्यासारख्या कलावंतांनी पेटीला विरोध केला. आकाशवाणीतील पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनीही १९३८ साली तिच्याविरुद्ध लेखन केले. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी घालण्यात आली. ही बंदी स्वातंत्र्यानंतरही कायम राहिली आणि १९७१ पासून टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. याच काळात मैफली, नाटक, भजन व शाळा यांतील पेटीचा वापर सुरूच होता. त्यामुळे बंदीने व्यवसाय संपला नाही. परंतु पेटी हे दुय्यम वाद्य असल्याची समजूत बळावली.

कारागिरांनी व वादकांनी या आक्षेपाला दोन प्रकारे उत्तर दिले. पहिला मार्ग गांधार ट्यूनिंग या नावाने ओळखला जातो. त्यात विशिष्ट षड्ज धरून गंधार, धैवत, निषाद आदी स्वर स्वाभाविक स्थानी लावले जातात. अशी पेटी त्या एका षड्जापुरतीच सुरेल राहते. तिला स्केलचेंजची सोय निरुपयोगी ठरते, कारण पट्ट्या सरकवल्या की स्वरांची परस्पर नाती बिघडतात. म्हणून एकल वादन करणारे कलावंत वेगवेगळ्या षड्जांसाठी स्वतंत्र पेट्या बाळगतात. दुसरा मार्ग विद्याधर ओक यांच्या २२ श्रुती हार्मोनियमचा. त्यात षड्ज व पंचम अचल असून उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन श्रुती दिलेल्या आहेत. रागानुसार हवी ती श्रुती खुंटी ओढून निवडता येते. अशा पेटीत सुरांची संख्या वाढते व हवेच्या मार्गांची आखणी अधिक गुंतागुंतीची होते.

मराठवाडा व परभणी जिल्हा

मराठवाड्याने पेटीला एक श्रेष्ठ वादक दिला. जालन्याजवळच्या गावी जन्मलेले आप्पासाहेब जळगावकर (१९२२–२००९) यांनी आपल्या काळातील अग्रगण्य गायकांची साथ केली.

परभणी जिल्ह्यातील गोदावरीकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव होय. जिल्ह्यातील वारकरी भजनात टाळ, पखवाज व वीणा यांच्या जोडीला पेटी असते. हरिनाम सप्ताहात ती रोज अनेक तास वाजते. परभणी शहर सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याच्या उरुसासाठी प्रसिद्ध आहे, आणि कव्वालीच्या गायनात पेटी हे मुख्य स्वरवाद्य असते. उघड्या मंडपात वाजणाऱ्या अशा पेटीकडून मैफलीतील पेटीपेक्षा वेगळी अपेक्षा असते: आवाज लांबवर पोहोचावा, भाता धसमुसळा वापर सोसणारा असावा आणि दुरुस्ती गावातच व्हावी.

येथील हवामान वाद्याची कसोटी पाहणारे आहे. उन्हाळ्यात परभणीचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. कोरड्या हवेत लाकूड आकसून सांध्यांतून हवा गळू लागते आणि चामडे कडक होते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते व पट्ट्या एकमेकींत अडकतात. काळ्या जमिनीची बारीक धूळ सुरांच्या फटीत बसली की सूर खरखरतो किंवा बंद पडतो. पट्ट्या अडकल्यास त्यांच्या कडा थोड्याशा घासून मोकळ्या कराव्यात असा मोह होतो. परंतु उन्हाळ्यात त्याच फटी रुंद होतात. अनुभवी कारागीर म्हणूनच आधी पेटी कोरड्या जागी ठेवून लाकूड मूळ आकारावर येण्याची वाट पाहतात. सूर साफ करताना जीभ बोटाने न उचलता पातळ कागद किंवा मऊ कुंचला वापरतात. वाद्य वापरात नसताना भाता बंद करून पेटी कापडात झाकून ठेवणे आणि काही दिवसांच्या अंतराने ती वाजवणे हितावह असते.

सद्यस्थिती

विद्युत पट्टीवाद्ये, तंबोऱ्याची ध्वनियंत्रे व भ्रमणध्वनीवरील उपयोजने यांमुळे शिकाऊ वर्गातील पेटीची काही मागणी त्यांच्याकडे वळली आहे. दुसरीकडे परदेशांतील भारतीय कुटुंबे, कीर्तनगट व योगकेंद्रे यांच्याकडून मागणी वाढली आहे. तिच्यातून प्रवासासाठी घडीची, सुटकेससारखी बंद होणारी पेटी लोकप्रिय झाली.

मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पेटीची निर्मिती तंतुवाद्यांप्रमाणे एका गावात एकवटलेली नाही. लाकूडकाम एका शहरात, सूर दुसऱ्या राज्यात व पट्ट्यांचे साहित्य तिसरीकडे अशी तिची विभागणी आहे. त्यामुळे या व्यवसायाचे भवितव्य मोठ्या कारखान्यांपेक्षा सर्व कामे एकट्याने जाणणाऱ्या कारागिरांवर अवलंबून आहे. खोके बनवणारा सुतार तुलनेने सहज मिळतो. सूर लावणारा कान तयार होण्यास वर्षे लागतात आणि ते शिक्षण जाणत्या कारागिराजवळ बसूनच मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणी असा कारागीर नसेल तर पेटी दुरुस्तीसाठी पुण्या-मुंबईकडे पाठवावी लागते, किंवा बेसूर अवस्थेतच वापरली जाते. नवशिक्यांचे कान अशाच पेटीवर तयार होत असल्याने तिच्या दुरुस्तीचा प्रश्न संगीतशिक्षणाशीही जोडलेला आहे.

हेही पाहा

संवादिनी
संगीत नाटक
श्रुती
आप्पासाहेब जळगावकर
गोविंदराव टेंबे
परभणी जिल्हा